वाक्य पुरं होईपर्यंत

त्या वैद्यकीय संशोधन संस्थेत तिला सगळे थांबाबाई म्हणत. पाठीमागे म्हणत तसे तोंडावरही म्हणत, आणि तिने त्याबद्दल कधी नाक मुरडले नाही. ती ऊतकविभागाची प्रमुख होती. मुख्य इमारतीच्या मागच्या अंगाला, जिन्याखालून वाकून गेले की तिच्या तीन खोल्या लागत. पहिलीत मेणात बसवलेल्या ऊतकाचे, म्हणजे शरीरातून काढलेल्या तुकड्याचे, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढणारे यंत्र होते. दुसरीत रंगद्रव्यांच्या बरण्या आणि एक बेसिन होते, ज्याच्या कडा कितीही घासल्या तरी जांभळ्याच राहिल्या होत्या. तिसरी खोली म्हणजे स्लाइडचे कोठार: भिंतीभर उथळ खणांची कपाटे, मधोमध एक लांब टेबल, आणि खुर्च्या कमी पडत म्हणून इकडून-तिकडून उचलून आणलेली स्टुले. शनिवारी दुपारी या कोठारात जे चाले, त्याला संस्थेच्या कामकाजात काही नाव नव्हते. संचालक त्याला ‘तुमचा तो गोंगाट’ म्हणत.

गोंगाट होताच. टेबलाच्या एका टोकाला कुणी तरुण संशोधक उभा राहून आपले काम सांगत असे आणि समोर बसलेली माणसे त्याला बोलू देत नसत. त्याला बोलू द्यायचे नाही, एवढ्याचसाठी त्यांना बोलावलेले असे.

या उद्योगामागे थांबाबाईचे एक जुने निरीक्षण होते. ज्यांच्या घरात पांढरा कोट फक्त दवाखान्याच्या रांगेत उभे राहून पाहिलेला असतो, अशा घरांतली मुलेमुली अलीकडे संस्थेत येऊ लागली होती. ती परीक्षांतून तरत, प्रबंध वेळेवर देत, प्रयोगांत त्यांचा हात कुणापेक्षा कमी नसे. मात्र स्वतंत्र संशोधनगट मिळण्याची, म्हणजे स्वतःची प्रयोगशाळा आणि स्वतःचा विषय हाती येण्याची मुलाखत आली की ती एकामागून एक गळत. निवडसमितीचा शेरा ठरलेला असे: विषयावर पकड नाही. विभागप्रमुख म्हणून थांबाबाई या मुलाखतींना मागच्या बाकावर बसे, आणि तिला दिसे ते वेगळेच. समितीतले एखादे ज्येष्ठ सदस्य वाक्य अर्ध्यावर तोडत. उमेदवार गप्प होई, नजर खाली घेई, त्यांचे बोलून होण्याची वाट पाही. ते बोलून झाले की पुढचा प्रश्न विचारत. उमेदवाराचे अर्धे वाक्य तिथेच पडून राही, आणि नेमके त्या अर्ध्यातच त्याची पकड असे.

यात समितीची दुष्टबुद्धी होती, असे थांबाबाई कधी म्हणाली नाही. त्या लोकांच्या घरी लहानपणापासून जेवणाच्या टेबलावर वाद चालत आलेले. तिथे मध्येच बोलणे म्हणजे समोरच्याच्या बोलण्यात रस असणे, आणि त्याने उलट तोंड उघडणे म्हणजे खेळ रंगणे. उमेदवारांच्या घरी मात्र मोठ्या माणसाचे बोलणे तोडणाऱ्याला वळण नाही असे म्हणत. एका घरचे चांगले वळण दुसऱ्या घरच्या माणसाला अडाणीपणासारखे दिसत होते, इतकाच काय तो घोटाळा. हे तिला कुणी शिकवले नव्हते. आपली स्वतःची मुलाखत एका ‘आणि’वर तुटली, एवढेच ती सांगे. पुढचे विचारले, की यंत्राचे पाते बदलायचे राहिलेय म्हणून उठून जाई.

सुरुवातीला तिने मुलांनाच एकमेकांसमोर बसवून पाहिले. त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण बरोबरीच्यांशी ती मुळात कचाकचा भांडतच होती. त्यांची जीभ टाळ्याला चिकटे ती फक्त पिकल्या केसांसमोर. मग तिने नियम केला: येताना घरचा एक मोठा माणूस आणायचा, ज्याच्यापुढे आजवर तोंड उघडलेले नाही असा. त्याने मध्ये बोलायचे आणि मुलाने त्याला थांबवून आपले वाक्य पुरे करायचे.

असे शनिवार मग फार जिवंत होऊ लागले. कुणाच्या आत्याने मूत्रपिंडाच्या पेशींवर चाललेले विवेचन तोडून, तू सकाळी जेवलास का, असे विचारले. कुणाच्या आजोबांनी, हे सगळे ठीक आहे पण यातून औषध कधी निघणार, हाच प्रश्न दर वाक्याला टाकला. थांबाबाईच्या मते तो प्रश्न समितीतल्या निम्म्या प्रश्नांपेक्षा बरा होता. लंबू नावाच्या एका उंच, हुशार मुलाने तर इतका सराव केला, की खऱ्या मुलाखतीत अध्यक्ष नुसते खाकरले आणि हा म्हणाला, थांबा, माझे वाक्य व्हायचे आहे. अध्यक्षांना पाणी हवे होते. लंबूला त्या वर्षी जागा मिळाली नाही. त्यानंतर थांबाबाईने नियमाला दुसरी बाजू जोडली: आपले वाक्य संपले, की समोरच्याकडे तोंड करून ‘आता विचारा’ असे आपणहून म्हणायचे आणि कान उघडे ठेवायचे. लंबूला पुढे दुसऱ्या संस्थेत गट मिळाला. त्याच्या टेबलावर म्हणे येणाऱ्यांसाठी पाण्याचा तांब्या कायम भरलेला असतो.

चिमणी आली ती या सगळ्या गाजावाजानंतर. तिला चिमणी म्हणत ते आवाजावरून. शेजारच्या स्टुलावर बसलेल्यालाही तिचे बोलणे कान देऊन ऐकावे लागे. ती शाळकरी असतानाच तिचे वडील गेले होते. लग्नानंतर सासऱ्यांनी तिचे शिक्षण थांबू दिले नव्हते. तिचा विषय होता वार, म्हणजे बाळाबरोबर आईच्या पोटात वाढणारा आणि बाळंतपण होताच फेकून दिला जाणारा तो मांसल अवयव. अंगात रक्त कमी असलेल्या आयांच्या वारेत बारीक रक्तवाहिन्यांची दाटी होते. पुस्तके त्या दाटीला दुखणे म्हणतात. चिमणीचे म्हणणे काही वेगळे होते. ते काय होते, हे मात्र मागच्या वर्षीच्या मुलाखतीत समितीला कळलेच नव्हते, कारण तिने आपले वाक्य एका सदस्यांच्या खोकल्यापुढेही माघारी घेतले होते.

आता ही शेवटची संधी होती. वयाची अट पुढच्या वर्षी तिला बाहेर ठेवणार होती. मुलाखत गेली, तर दुसऱ्याच्या गटात कंत्राटावर राहणे आले, आणि बाळंतपणाच्या वॉर्डात बादल्या घेऊन ताटकळत तिने वर्षानुवर्षे जमवलेल्या वारा, त्यांचे मेणाचे ठोकळे, स्लाइड, सगळे त्या दुसऱ्याच्या विषयात जमा होणार होते. थांबाबाईने तिला विचारले, घरात सर्वांत जास्त धाक कुणाचा. चिमणी म्हणाली, धाक असा नाही बाई, पण बाबांचा शब्द मी कधी खाली पडू दिलेला नाही.

बाबा, म्हणजे सासरे, पुढच्याच शनिवारी हजर झाले. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. सारी नोकरी त्यांनी बसडेपोत गाड्या सोडण्यात घालवली होती. उशीर का झाला हे सांगू पाहणाऱ्या एकाही ड्रायव्हरचे वाक्य त्यांनी तिथे कधी पुरे होऊ दिले नव्हते. मध्येच बोलण्याचे काम आहे म्हटल्यावर त्यांना नोकरीवर परतल्यासारखे वाटले. चिमणीने पहिली स्लाइड लावली आणि त्यांनी विचारले, हे लाल काय आहे. ती सांगू लागली, तोच म्हणाले, आणि हे पांढरे. ती पांढऱ्याकडे वळली, तर पुन्हा लालकडे. ती गप्प झाली, पदराचे टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. बाबा प्रसन्न मुद्रेने थांबाबाईकडे वळले आणि म्हणाले, बघा, सुनेला वळण कसं आहे.

पुढचे काही शनिवार असेच गेले. थांबाबाईने सगळे उपाय केले. पाठीला भिंत देऊन उभे राहायला सांगितले, हात वर करून थांबवायला सांगितले, नुसते ‘थांबा’ हा शब्द कपाटाशी बोलायला सांगितले. कपाटाशी चिमणी छान बोले. बाबांकडे वळली की पुन्हा पदराचे टोक बोटाला. परत जाताना ती थांबाबाईला म्हणाली, की ज्या माणसाने नातेवाइकांची बोलणी खाऊन मला शिकू दिले, त्यालाच मी गप्प कसे बसवू. थांबाबाईने यावर उपदेश केला नाही. त्यांनी तुला शिकू दिलं ते कशासाठी, एवढेच तिने विचारले, आणि दिवा मालवला.

त्यानंतरच्या शनिवारी कोठारात पाऊल टाकायला जागा नव्हती. बाबा रंगात आले होते. चिमणी म्हणत होती, की रक्तवाहिन्यांची ही दाटी ज्या वारांमध्ये सर्वांत जास्त होती, त्या वारांची बाळे… तोच बाबा म्हणाले, बाळांचं नंतर, आधी मला त्या पांढऱ्याचं सांग. चिमणीने पदर सोडला.

“बाबा, थांबा,” ती म्हणाली. “माझं वाक्य अजून व्हायचंय.”

आवाज चिमणीचाच होता, पण तो भिंतीपर्यंत गेला. ती पुढे बोलली, वाक्य पुरे केले, आणि मग शिकवल्याप्रमाणे त्यांच्याकडे वळून म्हणाली, “आता विचारा.” बाबांनी खिशातले पेन काढले, पाहिले, परत ठेवले, उठले आणि सगळ्यांमधून वाट काढत बाहेर गेले. स्टुलांवरच्या मंडळींना आनंद करावा की काळजी, ते कळेना.

त्या आठवड्यात त्या घरात बाबा फक्त कामापुरते बोलले. सासूबाईंनी ही हकीकत ऐकून चिमणीला स्वयंपाकघरात ओढून नेले आणि कानाशी म्हणाल्या, की असा वर्ग आमच्या वेळी असता, तर माझा निम्मा संसार आणखी सुखाचा झाला असता गं. त्या हसल्या, पण चिमणीला हसू आले नाही. तिने मनाशी ठरवले, की शनिवारी एकटीच जायचे आणि थांबाबाईला सांगायचे, बाई, हे माझ्याच्याने होणार नाही.

शनिवारी ती कोठाराच्या दारात पोचली, तेव्हा बाबा आधीच आत बसले होते. त्यांच्या शेजारी त्यांचे थोरले भाऊ, मोठे काका. मोठे काका मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. त्यांना मध्येच तोडण्याचे धाडस घरात, शाळेत आणि शिक्षणखात्यात कुणालाही झालेले नव्हते. बाबांनी ओळख करून दिली ती थांबाबाईला, पण ऐकवली चिमणीला.

“मी सोपा पडलो बाई. हा माझ्याहून वाईट आहे. याला थांबवलंन, तर ती समिती हिच्यापुढे काहीच नाही.”

“मी वाईट?” मोठे काका म्हणाले. “मी फक्त चुका दुरुस्त करतो.”

त्या दुपारी त्यांनी चिमणीच्या इतक्या चुका दुरुस्त केल्या, की तिच्या मुळात तेवढ्या नव्हत्याही. तिने त्यांना थांबवले. ते न थांबता बोलत राहिले, म्हणून पुन्हा थांबवले. तिसऱ्यांदा ते थांबले, आणि खोलीभर पाहून म्हणाले, की ही मुलगी माझ्या शाळेत असती तर मी हिला वर्गाबाहेर काढलं असतं. मग म्हणाले, आणि ते चुकलं असतं. बाबा त्यांच्याकडे असे पाहत होते, जसे डेपोत वेळेवर आलेल्या गाडीकडे पाहावे.

मुलाखतीच्या दिवशी थांबाबाई नेहमीच्या मागच्या बाकावर होती. अध्यक्ष बाहेरून आलेले, वारेच्या विषयावर पुस्तकातली प्रकरणे लिहिलेले गृहस्थ होते. चिमणी चौथ्या-पाचव्या स्लाइडपर्यंत पोचली नसेल, तोच त्यांनी हातातली पेन्सिल टेबलावर आपटली. ही दाटी रोगाचे लक्षण आहे, हे पदवीच्या विद्यार्थ्यालाही माहीत असते, तुम्ही त्यात नवीन काय सांगताय, असे ते म्हणाले, आणि उत्तराची वाट न पाहता शेजारच्या सदस्यांकडे वळून पाठ्यपुस्तकातली आकृती समजावू लागले. थांबाबाईने बाकाची कड घट्ट धरली. चिमणीचा हात पदराकडे गेला. थांबाबाईला तो गेलेला दिसला, आणि परत आलेलाही.

“सर, थांबा. माझं वाक्य व्हायचंय,” चिमणी म्हणाली. सभागृहात ध्वनिक्षेपक नव्हता, आणि त्याची गरजही पडली नाही. “ही दाटी ज्या वारांमध्ये सर्वांत जास्त होती, त्यांची बाळं वजनाला चांगली होती. जिथे दाटी झाली नाही, तिथली बाळं रोड होती. म्हणून मी तिला दुखणं म्हणत नाही. आईत रक्त कमी आहे हे ओळखून वारेनं केलेली ती तजवीज आहे.” मग ती त्यांच्याकडे वळली. “आता विचारा.”

अध्यक्षांच्या भुवया वर गेल्या. पण त्या माणसाचा चेहरा रागाने आवळला नाही. चर्चेत कुणी तरी आपल्याशी खेळायला उतरले, म्हणून तो खुलला. त्यांनी पेन्सिल उचलली आणि विचारले, तुकडे वारेच्या कडेचे घेतले की मध्याचे, कारण कडेला दाटी तशीही वेगळी दिसते. तो प्रश्न खरोखर चांगला होता. चिमणीने सांगितले, की दोन्हीकडचे घेतले आहेत, आणि दोन्हींच्या स्लाइड लावून दाखवल्या. त्यांनी त्यापुढचा विचारला: ही तजवीज कधी सुरू होते, कितव्या महिन्यात. चिमणी म्हणाली, “ते मला माहीत नाही. ते शोधायलाच मला ही प्रयोगशाळा हवी आहे.” सभागृहात कुणी तरी हसले. अध्यक्षही हसले. मग अर्धा वेळ ती समिती तिला प्रश्न विचारत होती आणि अर्धा वेळ ती त्यांना. मागच्या बाकावर थांबाबाईने चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला.

निकाल आठवड्याच्या आत लागला. गट चिमणीला मिळाला. प्रयोगशाळा म्हणून दुसऱ्या मजल्यावरची, खिडकीतून बाळंतपणाच्या वॉर्डाचा मागचा जिना दिसणारी खोली ठरली, आणि वारांचे सगळे ठोकळे तिच्या नावाने वर चढवण्यात आले. ते वाहून न्यायला शनिवारची सगळी मंडळी आली, अगदी ‘जेवलास का’ विचारणाऱ्या आत्यासुद्धा.

त्या रविवारी बाबांनी थांबाबाईला घरी चहाला बोलावले. मोठे काका होतेच. चिमणीने निकालाची हकीकत सांगायला घेतली, आणि काकांनी सवयीने मध्ये तोंड घातले. तेव्हा बाबांनी नुसता तळहात वर केला, आणि काका कपात बघत गप्प झाले. सासूबाईंनी हे दृश्य डोळे भरून पाहून घेतले.

मग बाबांनी पाहुणीला विचारले, की बाई, हे तुम्हाला सुचलं कसं.

ती टाळायचे म्हणून पाते बदलायला उठणार, तर इथे यंत्र नव्हते. थांबाबाईने कप खाली ठेवला. ती सांगू लागली, की माझीही अशीच मुलाखत होती, माझाही विषय वारच होता. मी म्हणत होते, वारेवरचे पांढरे डाग दर वेळी रोगाचेच नसतात, वार पिकत जाते तसे ते येतात, आणि…

“पांढरे डाग म्हणजे ते, मी त्या दिवशी विचारत होतो तेच ना?” बाबा म्हणाले. “त्यात एक मुद्दा असा आहे,” मोठे काका म्हणाले, आणि मुद्दा सुरू झाला.

थांबाबाई गप्प झाली. तिची नजर खाली गेली, हात मांडीवर एकावर एक येऊन बसले. इतक्या जणांना बोलायला शिकवलेली ती बाई, समोरच्या पिकल्या केसांचे बोलून होण्याची वाट पाहत बसली. ते एकट्या चिमणीला दिसले, कारण तशी बसण्याची रीत तिच्या ओळखीची होती.

“काका, थांबा,” ती म्हणाली. “बाबा, तुम्हीपण. बाईंचं वाक्य व्हायचंय.”

दोन्ही भाऊ थांबाबाईकडे वळून बसले. थांबाबाईने एकदा चिमणीकडे पाहिले. मग ती ताठ बसली आणि त्या जुन्या ‘आणि’पासून बोलू लागली.

“आणि म्हणून कुठले डाग पिकल्याचे, कुठले दुखण्याचे, हे आधी ओळखायला शिकलं पाहिजे. नाहीतर धडधाकट वारेलाही आपण आजारी ठरवू.”

तिने श्वास घेतला. कपाला हात लावला. चहा निवला होता. तिने तो तसाच घोटभर घेतला, आणि दोघा भावांकडे तोंड करून म्हणाली, “आता विचारा.”

काकांनी विचारले. बाबांनीही विचारले. तिने दोघांनाही उत्तरे दिली, आणि त्यातली दोन-तीन वाक्ये चांगली लांब होती.